मेलेल्यांचा दावा

काळे पाणी म्हटले की मराठी माणसाला अंदमान आठवते, तेथले सेल्युलर जेल आठवते आणि दोन जन्मठेपांची शिक्षा माथ्यावर घेऊन १९११ साली तेथे उतरलेले सावरकर आठवतात. ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही असा देशावरचा शेतकरीसुद्धा हा शब्द सहज वापरतो, इतका तो आपल्या भाषेत मुरला आहे. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही ही शिक्षा आपल्या दंडविधानात शब्दरूपाने टिकून होती. १९५५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'समुद्रापार हद्दपारी'च्या जागी 'आजन्म कारावास' असे शब्द आले. या सगळ्यामुळे, परक्या राज्यकर्त्यांनी ही शिक्षा खास आपल्यासाठीच घडविली असावी असा पुष्कळांचा समज असतो. खरी गोष्ट निराळी आहे. अंदमानात कैद्यांची वसाहत बसली १८५८ साली. त्याच्या आधी एकशेचाळीस वर्षांपासून इंग्रज सरकार आपल्याच मुलखातील माणसांना जहाजात कोंबून समुद्रापार लोटीत होते.

असे करण्याची पाळी का आली, हे समजण्यासाठी अठराव्या शतकातील इंग्लंडचा फौजदारी कायदा पाहिला पाहिजे. त्या कायद्यात फाशीची शिक्षा असलेले दोनशेहून अधिक गुन्हे होते. मेंढी चोरली, फाशी. घोडा चोरला, फाशी. दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलला, फाशी. खोटी सही केली, तरी फाशीच. एवढी माणसे खरोखरीच लटकवावयाची तर न्यायाधीशांची आणि पंचांची छाती होईना. पंच चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी धरीत, न्यायाधीश दयेची शिफारस करीत. पण माफी दिलेल्या माणसाचे पुढे करावयाचे काय? लांब मुदतीच्या कैदेसाठी तुरुंग बांधण्याची रीत तेव्हा नव्हती. तेव्हा फाशी आणि सुटका यांच्या मधली एक वाट म्हणून १७१८ साली पार्लमेंटाने हद्दपारीचा कायदा पक्का केला. साध्या चोरीला सात वर्षे, आणि फाशी माफ झालेल्याला बहुधा चौदा.

पहिला मुक्काम होता अमेरिका. व्यापारी कैदी घेऊन जात आणि मेरीलँड, व्हर्जिनिया या वसाहतींतील मळेवाल्यांना त्यांची मजुरी मुदतीपुरती विकून टाकीत. सरकारची ब्याद टळे आणि व्यापाऱ्याचा खिसा भरे. सुमारे पन्नास हजार माणसे अशी गेली. पुढे अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध शस्त्र उपसले आणि १७७५-७६ च्या सुमारास ही वाट बंद झाली. शिक्षा मात्र चालूच राहिल्या. मग सरकारने जुनी, प्रवासाला निकामी झालेली जहाजे टेम्स नदीत आणि बंदरांत नांगरून ठेवली, त्यांच्या डोलकाठ्या उतरविल्या आणि त्यांत कैदी भरले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय कित्येक वर्षे चालली. दिवसा नदीतला गाळ उपसावा, रात्री बेड्यांसह त्याच जहाजाच्या पोटात निजावे. तापाने माणसे पटापट मरत. शेवटी १७८६ साली गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांनी ठरविले की, सोळा वर्षांपूर्वी कॅप्टन कुकने पाहिलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर कैद्यांची वसाहत करावयाची. तेथे एकही गोरा माणूस नव्हता, आणि जाण्यास आठ महिने लागत.

या सुमारास नॉर्विच शहराच्या किल्ल्यातील तुरुंगात एक तरुण आणि एक तरुणी बंदिवान होती. तरुणाचे नाव हेन्री केबल. घरफोडीच्या आरोपावरून १७८३ साली तो, त्याचा बाप आणि एक साथीदार अशा तिघांनाही फाशी झाली होती. बाप आणि साथीदार लटकले. हेन्रीची शिक्षा कमी होऊन चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आली. तरुणीचे नाव सुझाना होम्स. एका घरातून कापडचोपड आणि चांदीचे चमचे चोरल्याबद्दल तिलाही फाशी, आणि तिचीही फाशी चौदा वर्षांच्या हद्दपारीत बदललेली. त्या काळच्या तुरुंगात बायकापुरुषांची वस्ती फारशी वेगळी नसे. दोघांचे प्रेम जमले आणि १७८६ साली त्यांना मुलगा झाला. दोघांनी लग्नाची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली.

त्याच वर्षी हुकूम आला की, निवडक स्त्री-कैद्यांना प्लिमथ बंदरातील तुरुंगजहाजावर पोचवावे. त्या यादीत सुझाना होती, हेन्री नव्हता. जॉन सिम्प्सन नावाचा तुरुंगरक्षक तिला आणि तान्ह्या मुलाला घेऊन इंग्लंडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. जहाजावरच्या कप्तानाने कागद पाहिला. कागदावर बाईचे नाव होते, मुलाचे नव्हते. तो म्हणाला, मूल घेणार नाही. आईच्या हातातून मूल काढून सिम्प्सनच्या हाती देण्यात आले आणि तिला जहाजात ढकलण्यात आले.

येथे सरकारी नोकराने काय करावयाचे असते, हे आपण सारे जाणतो. मूल अनाथालयात द्यावयाचे, पावती घ्यावयाची आणि घरी जावयाचे. सिम्प्सनने तसे केले नाही. ते मूल मांडीवर घेऊन तो टपालाच्या घोडागाडीतून थेट लंडनला गेला, आणि चिठ्ठीचपाटी नसताना खुद्द लॉर्ड सिडनीची गाठ घेऊन त्याने सारी हकीकत सांगितली. मंत्र्याने तिथल्या तिथे हुकूम दिला: मूल आईला परत द्यावे, आणि बापालाही त्यांच्याबरोबर पाठवावे. सिम्प्सन पुन्हा नॉर्विचला गेला, हेन्रीला घेतले आणि पुन्हा प्लिमथला आला. ही बातमी वर्तमानपत्रांत छापून येताच लोकांची मने हेलावली. एका बाईने पुढाकार घेऊन वीस पौंड वर्गणी जमविली, आणि त्या पैशातून कपडे, पुस्तके व इतर उपयोगी सामान घेऊन त्याचे गाठोडे 'अलेक्झांडर' नावाच्या जहाजावर चढविण्यात आले. पुढे इतिहास घडविला तो या गाठोड्याने.

१३ मे १७८७ रोजी पोर्टस्मथहून अकरा जहाजांचा तांडा निघाला. कॅप्टन आर्थर फिलिप त्याचा प्रमुख आणि नियोजित गव्हर्नर होता. सुमारे साडेसातशे कैदी, त्यांच्यावर पहाऱ्याला नौदलाचे शिपाई, आणि अधिकारी. केबल कुटुंब 'फ्रेंडशिप' या जहाजावर होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे, वसाहतीसाठी मेंढ्या घ्यावयाच्या होत्या. त्यांना जागा करण्यासाठी त्या जहाजावरच्या बायकांना उतरवून दुसऱ्या जहाजांत वाटण्यात आले. सुझाना 'शार्लट' जहाजावर गेली. २६ जानेवारी १७८८ रोजी तांडा सिडनीच्या खाडीत स्थिरावला. १० फेब्रुवारीला, पाद्री रिचर्ड जॉन्सन यांनी पाच जोडप्यांची लग्ने लावली. त्यांत हेन्री आणि सुझाना होती. नॉर्विचमध्ये नाकारलेले लग्न पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या बाजूला झाले.

सामान उतरविताना मात्र गाठोडे सापडेना. 'अलेक्झांडर'चा कप्तान डंकन सिंक्लेअर हात वर करून मोकळा झाला. तेव्हा १ जुलै १७८८ रोजी केबल पतिपत्नींनी कप्तानावर दावा लावला. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरचा हा पहिला दिवाणी दावा.

यातील गोम कायदा जाणणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे, ज्याला फाशीची शिक्षा झाली तो मनुष्य, फाशी प्रत्यक्ष दिली गेली नाही तरी, कायद्याच्या लेखी मेलेलाच असे. त्याला मालमत्ता नाही, करार नाही, साक्ष नाही, आणि कोर्टात उभे राहण्याचा अधिकार तर नाहीच. म्हणजे हा दावा दोन मेलेल्या माणसांनी एका जिवंत कप्तानावर लावला होता. कप्तानाने एवढेच म्हणावयाचे होते की, वादी कैदी आहेत, आणि दावा संपला असता. न्यायासनावर डेव्हिड कॉलिन्स हा अधिकारी होता. दाव्याच्या कागदात वादींच्या नावापुढे प्रथम 'येथील नवे वसाहतकार' असे शब्द लिहिले होते, ते खोडण्यात आले. त्या जागी 'कैदी' असे लिहावयास हवे होते, पण ते कोणी लिहिले नाही. जागा कोरीच राहिली. त्या कोऱ्या जागेवर निकाल झाला: कप्तानाने केबल पतिपत्नींना पंधरा पौंड द्यावेत.

हा निकाल निव्वळ दयाबुद्धीने झाला असे समजण्याचे कारण नाही. फिलिपला हजार माणसांचे गाव उभे करावयाचे होते, आणि त्यांत निम्म्याहून अधिक माणसे कैदी होती. शेत कोणी नांगरावयाचे? विटा कोणी भाजावयाच्या? रात्री गस्त कोणी घालावयाची? जेथे बहुतेक रहिवासी कायद्याने मृत, तेथे कायदा तंतोतंत पाळला तर जिवंत व्यवहारच बंद पडावयाचा.

त्यातून पहिली वर्षे उपासमारीची. बियाणे रुजेना, गुरे रानात पळाली. रसद घेऊन निघालेले 'गार्डियन' जहाज १७८९ च्या अखेरीस हिमनगावर आपटले, आणि १७९० च्या मार्चमध्ये 'सिरियस' खडकांवर फुटले. शिधा कमी कमी होत गेला. फिलिपने स्वतःच्या मालकीचे पीठ सरकारी कोठारात घातले, आणि गव्हर्नराकडे जेवावयास येणाऱ्या अधिकाऱ्याने आपली भाकरी आपल्याबरोबर आणावी असा प्रघात पडला. पुढे 'अटलांटिक' जहाज कलकत्त्याला पाठविण्यात आले. १७९२ साली ते परतले तेव्हा त्यात तांदूळ, रवा आणि डाळ होती. लंडनच्या गल्ल्यांतले चोर सिडनीच्या किनाऱ्यावर बसून वरणभात खात होते, हे चित्र आपल्या वाचकांना गमतीचे वाटेल.

केबलबरोबर त्याच दिवशी लग्न झालेले दुसरे जोडपे होते विल्यम ब्रायंट आणि मेरी ब्रॉड यांचे. विल्यम कोळी, मेरी वाटमारीबद्दल सात वर्षे झालेली. तिला जहाजावरच मुलगी झाली. जहाजाच्या नावावरून तिचे नाव शार्लट ठेवले होते. पुढे सिडनीत मुलगा झाला. विल्यमची मुदत संपत आली होती, पण कोणाची शिक्षा केव्हा संपते याचे कागद इंग्लंडहून तांड्याबरोबर धाडण्यास सरकार विसरले होते! मुदत भरली असे कैद्याने कितीही सांगितले तरी फिलिपपाशी ताडून पाहावयास काही नव्हते. २८ मार्च १७९१ च्या रात्री ब्रायंट पतिपत्नी, दोन मुले आणि आणखी सात कैदी गव्हर्नराच्याच होडीत बसले आणि पसार झाले. एका डच कप्तानाकडून मिळविलेला नकाशा आणि होकायंत्र एवढ्याच आधारावर, उघड्या होडीतून, एकूणसत्तर दिवसांत तीन हजारांहून अधिक मैल तोडून ते तिमोर बेटाला लागले. एकही जीव दगावला नाही.

पण तिमोरला त्यांचे खरे रूप उघडकीस आले. इंग्रजांच्या ताब्यात परत देण्यात आल्यावर बटेव्हियाला तापाने मुलगा गेला, पाठोपाठ विल्यम गेला. इंग्लंडच्या वाटेवर, भर समुद्रात, चार वर्षांची शार्लट गेली. लंडनला पोचली ती एकटी मेरी. जेम्स बॉस्वेल या लेखकाने तिच्यासाठी खटपट केली, १७९३ साली तिला माफी मिळाली, आणि बॉस्वेलने तिला वर्षाला दहा पौंडांची नेमणूक करून दिली. एकाच मांडवात लागलेल्या दोन लग्नांपैकी एकाची गत ही झाली.

सरकारी व्यवस्थेचे काळीज कोठे असते हे दुसऱ्या तांड्याने दाखविले. १७९० साली आलेल्या या जहाजांचा मक्ता गुलामांच्या व्यापारात हात मुरलेल्या एका पेढीला दिला होता. दर माणशी सतरा पौंड सात शिलिंग सहा पेन्स. तेही जहाजावर चढलेल्या माणसामागे, जिवंत उतरलेल्या माणसामागे नव्हे. मग कैदी वाटेत मेला तर उलट त्याचा शिधा वाचे. सुमारे एक हजार कैद्यांपैकी अडीचशेहून अधिक वाटेतच मेले, आणि वाचलेला शिधा कप्तानांनी सिडनीला बाजार मांडून विकला. पुढे सरकारने मक्त्याचा काही पैसा कैदी जिवंत उतरण्यावर ठेवला, आणि १८१५ पासून प्रत्येक जहाजावर अधिकार असलेला डॉक्टर नेमला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. माणसाच्या जिवाची किंमत हिशेबाच्या योग्य रकान्यात लिहिली की तो जगतो, हा या प्रकरणातला धडा फार कडू आहे.

जे उतरले त्यांचे जिणे पुष्कळसे दैवावर असे. कैद्याला सरकारी कामावर ठेवीत, किंवा एखाद्या जमीनदाराच्या हवाली करीत. मालक बरा मिळाला तर पोटभर खाणे मिळे, वाईट मिळाला तर पाठीची सालडी निघत. चांगली वर्तणूक ठेवली तर 'टिकिट ऑफ लीव्ह' नावाचा परवाना मिळे आणि मुदत संपेपर्यंत आपले आपण कमावून खाता येई. पुन्हा गुन्हा केला तर बेड्या घालून रस्ते फोडण्याच्या टोळीत रवानगी, नाहीतर नॉरफोक बेट किंवा पोर्ट आर्थर. कैद्यांत बहुसंख्य भुरटे चोर असले तरी सारेच तसे नव्हते. आयर्लंडातले बंडखोर होते. १८३४ साली डॉर्सेट परगण्यातील टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना, मजुरी कमी होऊ नये म्हणून संघ काढला आणि त्यात गुप्त शपथ घेतली एवढ्यावरून, सात वर्षे हद्दपार करण्यात आले. इंग्लंडभर गहजब झाला आणि दोन वर्षांनी सरकारला त्यांना माफी द्यावी लागली.

हेन्री केबलचे दैव मात्र फळफळले. फिलिपने त्याला मुकादम केले, मग तो शिपाई झाला, आणि १७९९ साली सिडनीचा मुख्य पोलीस शिपाई झाला. तीन वर्षांनी, परक्या जहाजावरून बेकायदा डुकरे आणल्याबद्दल ती नोकरी गेली! तोपर्यंत तो व्यापारात शिरला होता. भागीदारीत जहाजे बांधून सीलच्या कातड्यांचा धंदा करीत होता. दोघांना अकरा मुले झाली. त्याच्यासारखे आणखीही होते. तेराव्या वर्षी मुलाच्या वेषात घोडा चोरताना पकडलेली मेरी रीबी पुढे मोठी व्यापारीण झाली; तिचे चित्र ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. खोटा दस्तऐवज केल्याबद्दल हद्दपार झालेला फ्रान्सिस ग्रीनवे तेथला थोर शिल्पकार झाला. १९६६ साली निघालेल्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र छापले होते. दस्तऐवज खोटा करणाऱ्याचे चित्र चलनी नोटेवर यावे, असा योग क्वचितच येतो.

अशा माणसांना हात देणारा गव्हर्नर होता लॅक्लन मॅक्वारी. तो तरुणपणी मुंबईच्या पलटणीत होता, १७९३ साली त्याचे पहिले लग्न मुंबईत झाले आणि त्या पत्नीची समाधीही मुंबईतच झाली. १८१० साली गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतल्यावर त्याने ठरविले की शिक्षा भोगून झालेल्या माणसाचा गतगुन्हा उगाळीत बसावयाचे नाही. त्याने सुटलेल्या कैद्यांना न्यायाधीश नेमले, आपल्या पंक्तीला जेवावयास बसविले. स्वखुशीने आलेल्या प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. १८१९ साली लंडनच्या वरिष्ठ न्यायालयात पुन्हा तोच जुना प्रश्न निघाला आणि निकाल झाला की, गव्हर्नराने दिलेली माफी पुरेशी नाही, राजमुद्रेची माफी नसेल तर असा मनुष्य दावा लावू शकत नाही. कॉलिन्सच्या न्यायासनाने कोरी ठेवलेली जागा तीस वर्षांनी लंडनने भरून काढली. वसाहतीतल्या सुटलेल्या कैद्यांची घरेदारे, जमिनी, पेढ्या, सारे अधांतरी लोंबकळू लागले. त्यांनी राजाकडे अर्ज केला, आणि १८२३ साली पार्लमेंटाच्या कायद्याने ही टांगती तलवार दूर झाली.

हद्दपारीचा अंत हळूहळू झाला. १८३७-३८ साली सर विल्यम मोलस्वर्थ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. (आपले कोशकार मोलस्वर्थ ते हे नव्हेत.) ही पद्धत गुलामगिरीहून वेगळी नाही असा तिचा निष्कर्ष होता. न्यू साउथ वेल्समध्ये १८४० साली, टास्मानियात १८५३ साली ती थांबली. शेवटचे जहाज 'हौगोमाँट' जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला लागले. ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख साठ हजार माणसे गेली. त्यांत सुमारे पंचवीस हजार स्त्रिया. बहुतेक परत आली नाहीत. त्यांच्या नातवंडांनी आजोबांची शिक्षा तोंडातून काढली नाही, आणि त्या नातवंडांचे पणतू आज जुन्या दप्तरांत आपला कैदी पूर्वज शोधीत बसतात. २०१० साली कैद्यांच्या अकरा जुन्या वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

येथपर्यंतची कथा ऐकून समाधान वाटते, आणि ते साहजिक आहे. पण तिला एक दुसरी बाजू आहे. जेथे हा तांडा उतरला ती भूमी ओस नव्हती. तेथे गाडिगल लोक राहत होते, आणि त्यांच्या पूर्वजांना त्या खंडात राहून हजारो वर्षे लोटली होती. १७८९ च्या एप्रिलात देवीची साथ आली आणि फिलिपच्या अंदाजाप्रमाणे सिडनीच्या आसपासचे निम्मे मूळ रहिवासी मेले. सुटलेल्या कैद्याला सरकार तीस एकर जमीन देई. ती ज्यांच्या पायाखालून काढली त्यांना कोणी विचारले नाही. २६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन; ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रदिनही तोच. १९३८ साली, दीडशे वर्षे पुरी झाली त्या दिवशी, तेथल्या मूळ रहिवाशांनी तो शोकदिन म्हणून पाळला.

केबल पतिपत्नींना त्या भूमीवर उतरून सहा महिने होण्याच्या आत न्यायालयाने माणूस मानले. मूळ रहिवाशांचा जमिनीवर पूर्वापार हक्क होता, हे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते ३ जून १९९२ रोजी, दोनशेचार वर्षांनी. तो दावा दहा वर्षे चालला होता. टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटावरचा एडी माबो हा त्यातला मुख्य वादी. निकाल त्याच्या बाजूने लागला तेव्हा त्याला मरून चार महिने झाले होते.